अंधाराची बेगमी

‘कॅमेरा गार करायचा? म्हणजे फ्रीजमध्ये ठेवतेस की काय?’ हा प्रश्न मला आजवर इतक्या जणींनी विचारलाय, की उत्तर पाठ झालंय. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणं हा माझा छंद. तारकागुच्छ, तेजोमेघ, दूरच्या दीर्घिका... नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते दुर्बिणीला कॅमेरा लावून टिपायचं. त्यासाठी मी वापरते तो कॅमेरा स्वतःला गार करून घेतो. एवढं सांगितलं की दुसरा प्रश्न येतो, ‘केवढ्याला पडला गं?’ आणि आकडा ऐकला की तिसरा, ‘पण याचा उपयोग काय?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. तिसरा प्रश्न मात्र कॅमेऱ्याबद्दलचा नसतोच. तो बाईच्या वेळेबद्दलचा आणि बाईच्या पैशाबद्दलचा असतो. म्हणून आज तिन्ही प्रश्नांबद्दल लिहायचं ठरवलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्या हवेत आकाशाचे फोटो गंभीरपणे काढणाऱ्या कुणालाही गार होणारा कॅमेरा ही चैन नाही. आणि घर सांभाळून हा छंद करणाऱ्या बाईला तर तो जास्तच गरजेचा आहे. कारण तो तिला नुसता चांगला फोटो देत नाही, वेळ देतो.

आधी तो गार का करायचा ते बघू. घाबरू नका, फिजिक्सचा तास घेत नाहीये.

कॅमेऱ्यात पूर्वी फिल्म असायची, आता सेन्सर असतो. लाखो बारीक बारीक वाट्या ओळीनं मांडून ठेवल्यात, असं समजा. प्रकाश पडला की वाटीत इलेक्ट्रॉन जमतात. जास्त प्रकाश, जास्त इलेक्ट्रॉन. शेवटी प्रत्येक वाटीत किती जमलं ते मोजलं, की झाला फोटो. लग्नात फोटो काढताना हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात उरकतं. पण धनू राशीतला तेजोमेघ टिपायचा, तर तो आपल्यापासून चार हजारांहून जास्त प्रकाशवर्षं लांब! तिथून येणारा प्रकाश इतका थोडा, की वाट्या तीन-तीन, पाच-पाच मिनिटं उघड्या ठेवाव्या लागतात. असे वीस, तीस, चाळीस फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे एक चित्र हाती लागतं.

गोची इथेच आहे. वाटीत इलेक्ट्रॉन फक्त प्रकाशानं जमत नाहीत, उष्णतेनंही जमतात. कॅमेऱ्याला झाकण लावून मिट्ट अंधारात ठेवला, तरी गरम सेन्सर आपल्या आपण इलेक्ट्रॉन सोडत राहतो. पावसाचं पाणी मोजायला अंगणात वाटी ठेवावी आणि वर नळही ठिबकत असावा, तसंच हे. पाऊस मुसळधार असेल, तर नळाच्या चार थेंबांनी काही बिघडत नाही. पण पाऊसच भुरभुर असेल, तर वाटीतलं पाणी आभाळाचं किती आणि नळाचं किती, सांगायचं कसं? फोटोवर लाल-निळे-हिरवे ठिपके आणि एक खरखर दिसते, ती या नळाच्या पाण्याची. जाणकार त्याला ‘डार्क करंट’ म्हणतात. अंधारातही चालू राहणारा प्रवाह.

हा नळ पूर्ण बंद करता येत नाही, पण आवळता येतो. सेन्सरचं तापमान साधारण सहा अंशांनी उतरवलं, की ठिबकणं निम्म्यावर येतं. सेन्सरगणिक थोडं इकडेतिकडे होईल, पण अंदाज हाच. आता हिशेब करून बघा. मे महिन्यातली रात्र, गच्चीवर २८ अंश. बराच वेळ चालू असलेल्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर हवेपेक्षा गरमच असतो, ३४ अंश धरू. तिथून उणे २ अंशांवर आणला, तर फरक ३६ अंशांचा. म्हणजे सहा पायऱ्या. दर पायरीला निम्मं करत गेलं, की आपण ६४ व्या हिश्श्यावर येऊन पोचतो. जिथे चौसष्ट थेंब पडायचे, तिथे एक.

आणि गार करतात कसा? सेन्सरच्या मागे बिस्किटाएवढी चपटी पट्टी असते. तिच्यातून वीज सोडली, की तिची एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. पेल्टिए नावाच्या फ्रेंच माणसानं १८३४ मध्ये हा परिणाम दाखवून दिला, म्हणून त्याला त्याचंच नाव. गार बाजू सेन्सरकडे, तापलेली बाजू मागच्या छोट्या पंख्याकडे. आपल्या फ्रीजची पाठ गरम लागते ना, तसंच. फक्त इथे कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, घरघर नाही. १२ व्होल्टवर फार तर ३ अँपिअरच्या आसपास वीज लागते, म्हणजे ३६ वॅट. घरातला छताचा जुना पंखा याच्या दुप्पट वीज खातो! एवढ्याशा विजेत सेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा ३० ते ३५ अंशांनी गार होतो.

ही खटपट काही आजची नाही. फिल्मच्या जमान्यात, १९६० आणि ७० च्या दशकांत, परदेशातली हौशी मंडळी उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ लावून फिल्म गार करत. मिनिटामिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये फिल्म सुस्तावते, ती गार केली की सुस्ती कमी होते, म्हणून. मग १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा सेन्सर शोधला. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. मोठ्या वेधशाळांनी सीसीडी गार करायला द्रव नायट्रोजन वापरला, ज्याचं तापमान असतं उणे १९६ अंश. डिसेंबर २०२१ मध्ये आकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचं एक उपकरण तर उणे २६६ अंशांच्याही खाली ठेवावं लागतं. म्हणजे तत्त्व एकच आहे. ज्याला दूरचं, अंधूक बघायचंय, त्याला आधी स्वतःची गरमी कमी करावी लागते. माझ्या गच्चीवरचा पंखेवाला डबा हे त्या घराण्यातलं शेंडेफळ!

आता आपल्याकडची गोष्ट. या छंदावरची बहुतेक पुस्तकं लिहिली जातात थंड देशांत. त्यात हमखास सल्ला असतो, की सुरुवातीला साधा डीएसएलआर पुरतो, थंडीच्या रात्री तर गार कॅमेऱ्याची गरजच नाही. त्यांचं बरोबर आहे. बाहेर शून्य अंश असताना निसर्गच फुकटात सेन्सर गार करतो. आपल्याकडेही डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे १०-१२ अंशांची रात्र मिळते, तेव्हा मृगातला तेजोमेघ साध्या कॅमेऱ्यातही छान येतो.

पण आपली खरी श्रीमंती उन्हाळ्यातली आहे, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. आकाशगंगेचं केंद्र धनू आणि वृश्चिक राशींच्या बाजूला आहे. लंडनहून ते दक्षिण क्षितिजापासून जेमतेम साडेनऊ अंश वर येतं. इमारतींच्या आणि धुरक्याच्या आडच राहतं बिचारं. मुंबई-पुण्याहून तेच केंद्र ४२ अंश वर चढतं! युरोपातले लोक विमानाची तिकिटं काढून जे बघायला दक्षिणेकडे जातात, ते आपल्या गच्चीसमोरून जातं. आणि ते सोयीच्या वेळी कधी दिसतं? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे, मेमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास. जूनमध्ये पाऊस येतो आणि पडदा पडतो. म्हणजे वर्षातलं आपलं सगळ्यात समृद्ध आकाश आणि वर्षातल्या सगळ्यात गरम रात्री एकाच वेळी येतात. नेमक्या त्याच वेळी साधा कॅमेरा हात टेकतो. तेव्हा ‘गार कॅमेरा ही श्रीमंत देशांतली चैन’ हे मला पटत नाही. त्यांच्यापेक्षा आपल्याला त्याची गरज जास्त आहे.

आपल्या हवेची दुसरी तऱ्हा म्हणजे दमटपणा. गार बाटली टेबलावर ठेवली की तिला घाम फुटतो, तसा गार सेन्सरलाही फुटतो. उणे तापमानात तर त्याचं दंव गोठतं आणि फोटोच्या मधोमध पांढरट नक्षी उमटते. म्हणून सेन्सरचा कप्पा हवाबंद असतो, आत ओल शोषणाऱ्या गोळ्या असतात, समोरच्या काचेला बारीकसा हीटर असतो. या गोळ्या अधूनमधून सुकवायला लागतात, नाहीतर बदलायला लागतात. वर्षाच्या लोणच्याची बरणी ज्यांनी सांभाळलीय, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. कोरडा हात, कोरडा चमचा, घट्ट झाकण. मला कुणी म्हटलं, की ‘ही नाजूक यंत्रं बायकांना झेपत नाहीत’, तर मी त्यांना आमच्या फडताळातल्या बरण्या दाखवते.

आता मुद्द्याचं. वेळ.

उष्णतेचे ते ठिपके काढून टाकायची एक युक्ती आहे. फोटो काढून झाले, की कॅमेऱ्याला झाकण लावायचं आणि तितक्याच मिनिटांचे, तितक्याच तापमानाचे नुसते काळे फोटो काढायचे. त्यांना ‘डार्क’ म्हणतात. त्यात फक्त नळाचं पाणी असतं, आभाळाचं नसतं. मग मूळ फोटोतून ते वजा करायचं. तरी सगळं जात नाही. सरासरी ठिबकणं वजा होतं, पण थेंबांचा कमीजास्तपणा मागे उरतोच. म्हणून मुळात थेंब कमी पडले पाहिजेत, म्हणजेच सेन्सर गार पाहिजे. पण डार्क लागतातच.

साध्या कॅमेऱ्यात तापमान आपल्या हातात नसतं. रात्र उतरते तसा तोही बदलत जातो. त्यामुळे डार्क त्याच रात्री, तिथल्या तिथे काढावे लागतात. तीन-तीन मिनिटांचे वीस डार्क म्हणजे सरळ एक तास गेला. आकाश वर लखलखतंय आणि आपण कॅमेऱ्याला झाकण लावून बसलोय!

ज्याची अख्खी रात्र मोकळी आहे, त्याला हा तास जड नाही. माझी रात्र कशी असते सांगते. साडेदहाला सासूबाईंचं औषध. ओटा आवरून, विरजण लावून मी गच्चीवर जाते ती पावणेअकराला. सकाळी सहाला डबे असतात, म्हणून पाऊण वाजता खाली. हातात उरतात दोन तास. त्यातला एक तास डार्कमध्ये गेला, तर आभाळाला उरला एक. घराघरांत थोड्याफार फरकानं हेच वेळापत्रक आहे, नाही का?

गार होणाऱ्या कॅमेऱ्याचं मोल मला इथे कळतं. त्याला तापमान ठरवून देता येतं. शून्य म्हटलं की शून्य, आज, उद्या आणि चार महिन्यांनीसुद्धा. त्यामुळे डार्क त्याच रात्री काढायची गरजच उरत नाही. पावसाळ्यात आभाळ बंद असतं, खोलीत २६-२७ अंश असतात, तेव्हा एखाद्या दुपारी कॅमेरा झाकण लावून, काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचा, पंख्याला हवा मिळेल एवढी जागा सोडायची. शून्य अंशाचे तीस. मी भाजी निवडते, तो आपला अंधार साठवत बसतो. मग ते डार्क सहा महिने, वर्षभरही चालतात. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडयांची बेगमी करतो ती पावसाळ्यासाठी. ही बेगमी उलटी. पावसाळ्यात करायची आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात वापरायची. अंधाराची बेगमी!

म्हणजे दोन तासांतले दोन्ही तास आभाळाला मिळतात. आणि हा कॅमेरा लॅपटॉपवरून चालतो, त्याला स्वतःचा स्क्रीनच नसतो. वर सगळं लावून दिलं, की खाली घरात बसूनही त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल, तर याचं महत्त्व मी काय सांगू?

मिक्सर घेताना, कुकर घेताना, वॉशिंग मशीन घेताना आपण काय म्हणतो? ‘वेळ वाचतो.’ ते पटतं सगळ्यांना, कारण वाचलेला वेळ पुन्हा घरालाच मिळतो. पोळ्यांतून वाचलेला वेळ अभ्यास घेण्यात, धुण्यातून वाचलेला वेळ पाहुण्यांत. पण बाईचा वाचलेला वेळ फक्त तिलाच मिळणार असेल, तेव्हा मात्र ‘उपयोग काय?’ हा प्रश्न विचारला जातो. आमच्या बिल्डिंगमध्ये एकानं दोन लाखांची मोटारसायकल घेतली. ऑफिसला तो लोकलनं जातो. गाडीची पूजा झाली, पेढे वाटले, उपयोग कुणी विचारला नाही. हौस म्हणजे हौस. विचारायला नकोच. पण मग मलाही विचारू नका ना!

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. आज बऱ्यापैकी गार कॅमेरा साधारण लाखाच्या आसपास सुरू होतो. मोठा सेन्सर हवा असेल, तर दोन लाखांच्या पुढेही जातो. शिवाय दुर्बीण, तारे सरकतील तसं तिला फिरवणारं माउंट, लॅपटॉप हे वेगळंच. ही रक्कम लहान नाही आणि ज्या घरात फीची तजवीज व्हायचीय, तिथे आधी फीच. त्यात वाद नाही. मी दर महिना तीन हजारांच्या भिशीत होते, बारा जणींच्या. वर्षाला एक नंबर, छत्तीस हजार. पहिल्या वर्षीचे ठेवले, दुसऱ्या वर्षीचे ठेवले, तिसऱ्या वर्षी कॅमेरा घेतला. त्याच भिशीतून बाकीच्यांनी पाटल्या केल्या, सोफा घेतला, एकीनं चारधाम केलं. सगळंच छान. पण नवल वाटलं ते फक्त माझ्या खरेदीचं.

इथे मला कॅरोलाइन हर्शेल आठवते. जन्म १७५०. विल्यम हर्शेल या प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाची बहीण. भाऊ तासन् तास दुर्बिणीचा आरसा घासत बसायचा, हात सोडता यायचा नाही, तेव्हा ही त्याला घास भरवायची. त्याच्या निरीक्षणांच्या नोंदी हीच ठेवायची आणि स्वतःही आकाश धुंडाळायची. तिनं आठ धूमकेतू शोधले. १७८७ मध्ये इंग्लंडच्या राजानं तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला, भावाची मदतनीस म्हणून. तेव्हा ती ३७ वर्षांची होती. आपल्या मर्जीनं खर्च करायला मोकळे वाटावेत असे आयुष्यातले ते पहिलेच पैसे, असं तिनं लिहून ठेवलंय. सव्वादोनशेहून अधिक वर्षं झाली या गोष्टीला. मिळवत्या बायका आज घरोघर आहेत. पण आपल्या मर्जीनं, मोकळेपणानं खर्च करायचे पैसे? स्वतःलाच विचारून बघा.

पैसे झाले, वेळ झाला, तरी तिसरी गोष्ट राहतेच. रात्र. आमच्या सोसायटीत गच्चीची किल्ली मागायला गेले, तर ऐकायला मिळालं, ‘मॅडम, रात्री बारा वाजता लेडीजचं गच्चीवर काय काम?’ तरुण मुलं तिथे वाढदिवस साजरे करतात, त्यांना किल्ली मिळते. मी तीन महिने अर्ज केले, मीटिंगमध्ये विषय काढला, शेवटी मेच्या एका रात्री कमिटीच्या दोघांना वर नेऊन लॅपटॉपवर तेजोमेघ दाखवला. आता किल्ली मिळते. पण मिळवावी लागली.

शहराच्या गच्चीवर काम भागतं, तेही काही प्रमाणातच. कारण सेन्सर कितीही गार करा, रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड त्यानं कमी होत नाही. तो काही उष्णतेचा नळ नाही, तो खरोखरचाच प्रकाश आहे. काही तेजोमेघांसाठी खास फिल्टर लावून मार्ग काढता येतो, दीर्घिकांना मात्र अंधारच हवा. त्यासाठी गावाबाहेर जावं लागतं आणि तिथे बाईची गाडी अडते. सोबत कोण? परत कधी? आणि बाथरूमचं काय?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो नाही. अमेरिकेत पालोमारची जगप्रसिद्ध वेधशाळा आहे. तिथे स्त्रियांना अधिकृतपणे निरीक्षणाची परवानगी नव्हती आणि स्वच्छतागृह नाही, ही सबब सांगितली जायची. १९६५ मध्ये व्हेरा रुबिन यांना परवानगी मिळाली. त्यांनी तिथल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहावरच्या चित्राला कागदाचा स्कर्ट कापून चिकटवला, असं सांगतात. झालं स्त्रियांचं स्वच्छतागृह! पुढे याच बाईंच्या कामानं कृष्णद्रव्याचा प्रश्न सगळ्या जगाला गांभीर्यानं घ्यायला लावला.

आपल्याकडे आकाशनिरीक्षणाची परंपरा मोठी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासूनची. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेतं, ही परंपराही कित्येक वर्षांची. अशा कार्यक्रमांना मुली, बायका मोठ्या संख्येनं येतात, मी स्वतः बघितलंय. प्रश्न आहे तो पुढच्या पायरीचा. एका रात्रीचा कार्यक्रम वेगळा आणि दर अमावास्येला आपलं सामान घेऊन अंधाऱ्या जागी जाऊन काम करणं वेगळं. त्या पायरीवर बायका गळतात. त्यांची आवड संपलेली नसते, सोय नसते. म्हणून हौशी गटांना माझं सांगणं आहे. अंधाऱ्या जागेची पाहणी करताना आकाश बघता, तसं स्वच्छतागृहही बघा. स्टेशनपासून एकत्र जायची-यायची गाडी ठरवा. आणि गटाचा एक गार कॅमेरा असेल, तर तो वापरायला बायकांनाही द्या. ‘ताई, तुम्ही चहाचं बघा’ हे आता पुरे.

काळोखाच्या जागांचं महत्त्व हळूहळू कळतंय, ही चांगली गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी २०२२ मध्ये लडाखमधल्या हानलेचा परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला. तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन, पर्यटकांना आकाश दाखवायचं प्रशिक्षण दिलंय. त्यांत गावातल्या स्त्रियाही आहेत. रात्र हे तिथे बाईचं कामाचं ठिकाण झालंय, प्रतिष्ठेचं आणि कमाईचं. हानलेच्या थंडीत कॅमेरा गार करायचा प्रश्नच नाही म्हणा! आपल्याला पेंच जवळ आहे. तिथे आसपासच्या गावातल्या मुलींच्या हाती दुर्बीण आली, तर मला फार आवडेल.

आता कुणी उद्याच दुकानात जाऊ नका, म्हणून थोडं सावधपणे सांगते. चंद्र आणि ग्रह यांच्या फोटोंना गार कॅमेरा लागत नाही. ते इतके तेजस्वी असतात, की सेकंदाच्या अंशात काम होतं. आकाशाची ओळखच नसेल, तर आधी साधी द्विनेत्री घ्या, कृत्तिका बघा, देवयानी शोधा. मोबाइल स्टँडवर लावूनही नक्षत्रांचे सुंदर फोटो येतात. गार कॅमेरा घेतलाच, तर उणे वीसचा हट्ट नको. हल्लीचे सेन्सर मुळातच शांत झालेत, उन्हाळ्यात शून्याच्या आसपासही छान भागतं. आपल्या हवेत पंख्यावर सतत पूर्ण ताण देण्यात अर्थ नाही. गार करताना आणि बंद करताना तापमान सावकाश बदला. आणि ओल शोषणाऱ्या गोळ्या विसरू नका, विशेषतः कोकणात राहत असाल तर.

एकटीला परवडत नसेल, तर चौघी-पाच जणी मिळून घ्या. भिशी आपल्याला नवी नाही. पाच जणींची भिशी सोन्यासाठी होते, सहलीसाठी होते, तर कॅमेऱ्यासाठी का नाही? महिन्यातून एकेकीच्या वाट्याला तीन-चार रात्री येतील. एवढ्या रात्री तरी आपल्यातल्या किती जणींना पूर्ण मोकळ्या मिळतात? सगळ्यांचं तापमान एकच ठेवलं, तर डार्कही एकदाच काढून पाच जणींना वाटता येतात. बेगमी नाहीतरी आपण मिळूनच करत आलोय.

‘उपयोग काय?’ या प्रश्नाला मी पूर्वी उत्तरं शोधायचे. मुलांना विज्ञानाची गोडी लागते, शाळेत दाखवता येतं, मन शांत राहतं... ही सगळी उत्तरं खरी आहेत. पण हल्ली मी ती देत नाही. कारण ती दिली, की आपण मान्य करतो, की बाईच्या प्रत्येक गोष्टीचा कुणाला तरी उपयोग असलाच पाहिजे. मला आवडतं, मला येतं आणि माझे दोन तास माझे आहेत, एवढं उत्तर पुरेसं असायला हवं. येत्या पावसात कपाटात अंधार साठवून ठेवा, गच्चीच्या किल्लीचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा. नोव्हेंबरात आभाळ स्वच्छ होतं.